डॉक्टर प्राणिमित्रांचा हिवाळा

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे ‘भराव’ म्हणायचे. पानावर जागा मोकळी राहिली, जाहिरातदार ऐनवेळी मागे हटला, कुणाचा कबूल केलेला लेख आलाच नाही, की संपादक आपल्या खोलीच्या दारातून मान बाहेर काढून म्हणायचे, “भराव, सहाव्या पानाला भगदाड पडलंय.” मग हा चहाचा कप बाजूला सारायचा आणि भगदाड बुजवून द्यायचा. झोपेचे फायदे, मधमाश्यांची शिस्त, छत्रीचा इतिहास, जहाजांची नावं कशी ठेवतात. यातलं त्याला काही ठाऊक असायचंच असं नाही. पण जागा काठोकाठ भरायची, एक ओळ कमी नाही की एक ओळ जास्त नाही.

नोकरीला लागला तेव्हा त्याला अग्रलेख लिहायचे होते. सरकारं हादरवायची होती. पुरवणी विभागातलं टेबल त्याला तात्पुरतं म्हणून दिलं होतं, आणि त्या तात्पुरत्या टेबलावर त्याचे केस पिकले. लग्नाचंही तसंच, बघू बघू करता राहून गेलं. खिडकीशेजारचं ते टेबल उन्हाळ्यात तापायचं आणि हिवाळ्यात खिडकीच्या फटीतून येणारा वारा बरोबर त्याच्या मानेवर बसायचा. फटीत तो जुन्या पुरवण्यांच्या घड्या कोंबायचा. आपल्या लिखाणाचा एवढा तरी उपयोग होतो, असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

शनिवारच्या पुरवणीत ‘मुकी माया’ नावाचं एक सदर होतं, पाळीव प्राण्यांची निगा कशी राखावी यावर. डॉक्टर प्राणिमित्र या टोपणनावाने एक खरे पशुवैद्य ते लिहायचे. एके वर्षी ते मुलाकडे परदेशात राहायला गेले ते गेलेच. संपादकांनी भरावाला बोलावलं.

“टोपणनाव आपल्या पेपरचं आहे. डॉक्टर गेले म्हणून सदर कशाला बंद करायचं?”

“पण मला कुत्र्यामांजरांतलं काही कळत नाही.”

“कळायचंय काय त्यात? प्रेमाने लिहायचं.”

भरावाने जन्मात कुत्रं पाळलं नव्हतं. एवढंच नाही, तो कुत्र्यांना घाबरायचा. रस्त्यात समोरून कुत्रं आलं, की पलीकडच्या दुकानाच्या काचेत काही तरी फार महत्त्वाचं दिसल्यासारखा रस्ता ओलांडून जायचा. पण जागा ती जागा. त्याने एक युक्ती काढली. माणसांच्या तब्येतीवर जुन्या पुरवण्यांत रग्गड मजकूर पडून होता. ‘लहान मुलांची काळजी’ या लेखातली मुलं काढून पिल्लं घातली की झालं काम. ‘आजोबांचा हिवाळा’ या लेखातले आजोबा काढून म्हातारा कुत्रा घातला की तेही काम झालं. एकदा घाईत एक वाक्य तसंच राहून गेलं, आणि ‘रात्री कवळी काढून कोमट पाण्यात ठेवावी’ असा सल्ला शहरभरच्या कुत्रेवाल्यांपर्यंत पोचला. आता आपली गच्छंती, असं त्याला वाटलं. पण तक्रार एकही आली नाही. कुणा वाचकाचा फोन मात्र आला, कुत्र्याची कवळी कुठे बनवून मिळते हे विचारायला.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. मग एका हिवाळ्याच्या तोंडावर त्याच्या ताईच्या इमारतीतलं पाणी तापवायचं यंत्र बिघडलं. दुरुस्तीला सगळा हिवाळा जाणार असं कळलं. ताईने फोन केला, “धाकट्या, थंडी संपेपर्यंत तुझ्याकडे येते. माझ्याबरोबर कारकूनही आहे.”

भरावाला वाटलं, तिच्या जुन्या कचेरीतला कुणी असेल. दार उघडलं तर ताई उभी, तिच्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला एक कुत्रा. पाठ काळी, छाती पांढरी, केस आखूड, पाय काटकुळे, आणि चेहऱ्यावर आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारल्यासारखा भाव. त्याचं नाव कारकून का, हे विचारायची गरज नव्हती.

भराव दाराच्या आड सरकला. कारकुनाने त्याच्याकडे एकदा पाहिलं, अर्ज अपूर्ण आहे असं ठरवलं आणि आत जाऊन सोफ्यावर बसला.

ताई त्याच्यापेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेल्यावर त्याला हिनेच वाढवलं, त्याचं शुद्धलेखन हिनेच तपासलं, आणि तिच्या हातच्या लाल खुणांचा धसका त्याच्या मनातून अजून गेला नव्हता. ती सरकारी वाचनालयात ग्रंथपाल होती. सगळा जन्म छापील कागदांत गेल्यामुळे छापून आलेल्या शब्दावर तिची गाढ श्रद्धा होती. माणूस तोंडाने काहीही बोलेल, पण छापताना चार डोकी विचार करतात, असं तिचं म्हणणं. वर्तमानपत्राच्या कचेरीत आयुष्य काढलेला भाऊ हे ऐकून नुसता जोरात खोकायचा.

पहिल्याच संध्याकाळी तिने बॅगेतून एक जाडजूड फाईल काढली. ‘मुकी माया’चं एकेक कात्रण व्यवस्थित चिकटवलेलं.

“हे डॉक्टर तुमच्या पेपरात लिहितात ना? भेटलायस कधी?”

भरावाने चहाचा कप खाली ठेवला. “येतात कधीमधी.”

“काय माणूस आहे. किती साधं, किती मायेने लिहितो. एक शब्द इकडचा तिकडे नाही.” तिने चष्म्यावरून भावाकडे पाहिलं. “तू इतकी वर्षं त्या कचेरीत आहेस. असं काही लिहायला शिकला असतास तर?”

सांगून टाकायची तीच वेळ होती. ‘ताई, तो मीच’, एवढे तीन शब्द. पण त्याचं काय झालं, की त्याच्या लिखाणाला उभ्या आयुष्यात कुणी चांगलं म्हटलेलं नव्हतं. संपादक ‘बसलं’ म्हणायचे, म्हणजे जागेत बसलं. आणि आता चांगलं म्हणत होती ती ताई, जिने त्याच्या निबंधांत चुकांशिवाय कधी काही पाहिलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर तिने फाईल उघडून पहिल्या कात्रणापासून लाल पेन्सिल चालवली असती. त्याने तोंड शिवून घेतलं. अजून थोडी स्तुती कानावर पडू दे, मग सांगू, असं मनाशी म्हणाला.

थंडी पडायला लागली आणि कारकुनाची दशा सुरू झाली.

ताई सदरातल्या शब्दाबाहेर जायची नाही. ‘थंडीत शरीराला इंधन जास्त लागते’ असं छापून आलं होतं, म्हणून कारकुनाला सकाळी अंडी, दुपारी मांस, संध्याकाळी लोणी लावलेला पाव. मुळात तो घरात बसून असणार, इंधन जाळणार कुठे, हा प्रश्न प्राणिमित्रांना पडला नव्हता. ‘कोमट तेलाने अंग चोळावे’ असंही आलं होतं. तेल लावलेला कारकून सोफ्यावर बसून बसून सोफ्याचा रंग बदलला. तो लाद्यांवरून चालायला लागला की चारही पाय चार दिशांना जायचे. त्यावर लोकरी स्वेटर. ‘दिवसरात्र अंगात असू द्यावा’, असं भरावाने तान्ह्या बाळांवरच्या लेखातून उचललं होतं. तेलाने लोकर चिकटायची, लोकरीखाली अंग खाजायचं, आणि कारकून अंग घासायला भिंत शोधत फिरायचा.

सकाळी त्याला बाहेर न्यायचं काम भरावाकडे आलं. पायऱ्यांवर दव गोठून निसरडं व्हायचं आणि ताईचे गुडघे दुखायचे. पहिल्या दिवशी त्याने दोरी दोन बोटांच्या चिमटीत धरली, जणू पलीकडच्या टोकाला वीज आहे. गवतावर पांढरी साय धरली होती, श्वासाची वाफ होत होती, गाड्यांच्या काचा धुरकट झाल्या होत्या. कोपऱ्यावर एक मोठा झिपरा कुत्रा उघड्या अंगाने ऐटीत चालला होता. त्याने पिवळ्या स्वेटरातल्या कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने मान वळवली आणि समोरच्या दुकानाच्या काचेत बघायला लागला.

भरावाला त्याची लाज पुरती कळली. असं तोंड लपवायला त्याच्याइतकं कुणाला येत होतं? घरी परतताना त्याने दोरी मुठीत धरली होती.

काही दिवसांत कारकून न्याहारीच्या वेळी टेबलाखाली येऊन त्याच्या पावलावर हनुवटी टेकून बसायला लागला. हनुवटी जड होती आणि तेलकट होती. भराव पाऊल हलवायचा नाही. चहा निवला तरी किटलीसाठी उठायचा नाही. ताईला म्हणायचा, “जरा ओतून देतेस?” आणि ती म्हणायची, “उठायला काय झालं तुला?”

कुत्रा बघता बघता फुगत चालला होता, केस विंचरताना पुंजक्यांनी निघत होते. तोंडाने सांगून बघावं म्हणून भराव एकदा म्हणाला, “ताई, हे तेल जरा जास्त होतंय असं वाटतं.”

“तू डॉक्टर आहेस का?”

तेव्हा त्याने आपल्या हातात होता तो एकच मार्ग धरला. पुढच्या सदरात लिहिलं, ‘तेलाचा अतिरेक टाळावा.’ आता झालं, असं वाटून शनिवारी तो शीळ घालत घरी आला. ताई दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी ठेवून बसली होती.

“अतिरेक टाळा म्हणतात. म्हणजे एका वेळी थोडं लावायचं. आता दिवसातून दोनदा थोडं थोडं लावते.”

त्याच्या पुढच्या शनिवारी त्याने लिहिलं, ‘खाण्यावर ताबा असावा.’ ताईने ताबा घेतला. म्हणजे कारकून जेवताना ती स्वतः समोर बसायला लागली आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ होईपर्यंत त्याला उठू देईना. भरावाला पहिल्यांदाच आपल्या भाषेचा संशय आला. इतकी वर्षं जागा भरायची म्हणून गुळमुळीत लिहायची सवय लागली होती. त्याच्या प्रत्येक वाक्याचा कुणालाही हवा तसा अर्थ लागायचा. आता एक सरळ वाक्य लिहायची वेळ आली, तर हाताला वळणच राहिलं नव्हतं.

त्यातच संपादकांनी मान बाहेर काढली. “भराव, हिवाळा विशेषांक आहे. तुझ्या डॉक्टरांना जरा मोठी जागा देतोय. घरगुती उपाय येऊ देत, लोकांना आवडतात.”

त्याने नेहमीसारखी जुनी पुरवणी काढली. सर्दीवर दुधात उकळलेला लसूण, छाती शेकायला गरम पाण्याची पिशवी. माणसाला चालतं ते कुत्र्याला बाधायचं नाही, असं त्याने धरून चाललं. लिहिताना क्षणभर पावलावरची हनुवटी आठवली आणि पेन थबकलं. पण लसूण काय, दूध काय, चांगल्याच गोष्टी. हा अंक ताईच्या हाती पडू नये, असं मात्र त्याला आतून वाटत होतं. शनिवारी तो घरचा अंक मुद्दाम कचेरीतच विसरला. ताईने शेजारणीकडून आणला.

पुढच्या आठवड्यात धुकं दाटलं होतं अशा एका सकाळी भराव दोरी घेऊन कारकुनाच्या अंथरुणाजवळ गेला, तर कुत्रा उठला नाही. शेपटीचं टोक एकदा हललं आणि थांबलं. आदल्या दिवसापासून त्याने खाल्लं नव्हतं, दोनदा ओकला होता. भरावाने गुडघ्यावर बसून त्याच्या पोटाखाली हात घातला. गरम पाण्याची पिशवी होती, आणि पिशवीखालची कातडी लाल होऊन सोलवटली होती. त्याने स्वेटर वर केला. आतून ओलसर, तेलकट वास आला. जो माणूस कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडायचा, त्याने तो तेलकट, जड देह दोन्ही हातांनी छातीशी उचलला आणि ताईला म्हणाला, “चल.”

“थांब, डॉक्टरांनी काही लिहिलंय का बघते.”

“ताई, चल म्हणतो ना.”

या आवाजात तो तिच्याशी कधी बोललेला नव्हता. ती फाईल काखेत मारून मुकाट्याने निघाली.

पशुवैद्य बाईंचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, एका किराणा दुकानाच्या मागे होता. बाहेरच्या खोलीत बाकं भरलेली होती. भरावाने बसायला जागा शोधली आणि तो उभाच राहिला. समोर एक बुटका कुत्रा स्वेटर, टोपी आणि मोजे घालून बसला होता. त्याच्या शेजारी एक कुत्री, तेलाने चपचपीत, जमिनीवर डाग पाडत. कोपऱ्यातल्या म्हातारबुवांच्या मांडीवर एक पांढरं कुत्रं, त्याच्या तोंडाला लसणाचा वास इतका, की आख्ख्या बाकावरची माणसं दुसऱ्या टोकाला सरकली होती. सगळे मालक एकमेकांशी मोठ्या जिव्हाळ्याने बोलत होते. कुणी म्हणालं, “आम्ही एवढं सगळं करतो, तरी कसं आजारी पडतं कळत नाही.”

भराव जन्मभर म्हणत आला होता, आपलं कुणी वाचत नाही. आपले वाचक समोर हजर आहेत हे त्याला त्या खोलीत पहिल्यांदा दिसलं.

पशुवैद्य बाई मध्यमवयीन होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं तुटक. त्यांनी कारकुनाचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. फिक्या पडल्या होत्या.

“लसूण दिला होता?”

“रोज,” ताई अभिमानाने म्हणाली. “दुधात उकळून.”

“प्राणिमित्र वाचता?”

“एकही चुकवत नाही. तुम्हीही वाचता?”

“वाचावंच लागतं. शनिवारी काय छापून येतं त्यावरून सोमवारी कुणाची रांग लागणार ते कळतं.” बाईंनी सुईने पायाची शीर शोधली आणि सलाईन लावलं. “लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. माणसांचं औषध ते त्यांचं औषध नाही. पिशवीने भाजलंय. वजन किती वाढलंय बघा, सांध्यांनी हे कसं पेलायचं? आज इथे राहू दे. वाचेल. पण दोन दिवस उशीर झाला असता तर मी हे म्हटलं नसतं.”

भरावाने टेबलाची कड धरली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “बसा तुम्ही. कुत्रा तुमचा वाटतं.”

“हो,” तो म्हणाला. ताईने वळून पाहिलं.

“मग थंडीत करायचं तरी काय?” तिने विचारलं.

“फार काही नाही. घरात, वाऱ्यापासून लांब, कोरड्या अंथरुणावर झोपवा. आखूड केसांचा आहे, म्हणून बाहेर नेताना अंगात काही घाला, घरात आल्यावर काढा. ओलं झालं तर लगेच काढा. पाय पुसा, बोटांच्या मधेसुद्धा. थंडीत पाणी कमी पितात, वाटीतलं पाणी ताजं ठेवा. घरात बसून असेल तर खाणं वाढवू नका. म्हातारा आहे, लंगडायला लागला तर घेऊन या.”

“एवढंच?”

“एवढंच.”

ताईने फाईल उघडली. “पण यांनी तर वेगळं लिहिलंय.”

“त्यांनी लिहू दे. मी पशुवैद्य आहे.”

“तेही डॉक्टरच आहेत,” ताई म्हणाली. आणि मग, दुखावू नये अशा बेताने, “शिवाय त्यांचं छापून येतं.”

बाईंनी हात धुतले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

भराव तिथून थेट कचेरीत गेला. कोट न काढता टेबलाशी बसला. समजा ताईला आत्ता सांगितलं, की तो मी आहे. ती काय म्हणेल? आधी विश्वास ठेवणार नाही. ठेवलाच, तर कुत्र्याला विष घालणारा भाऊ म्हणून उरलेला जन्म बघेल. आणि त्या बाकांवरच्या बाकीच्या मालकांना कोण सांगणार? त्यांना सांगायला एकच माणूस होता, आणि तो पेपरात लिहायचा.

त्याने लिहिलं, ‘गेल्या काही आठवड्यांत या सदरात आलेले बहुतेक सल्ले चुकीचे होते. लसूण देऊ नका. तेल लावू नका. गरम पिशवी ठेवू नका.’ खाली बाईंनी सांगितलेलं जसंच्या तसं. शेवटी, ‘आणि शंका आली तर पेपर बाजूला ठेवून पशुवैद्याकडे जा.’ एवढ्यात संपलं. पान निम्मं रिकामं. त्याने पुन्हा वाचून पाहिलं, एखादं विशेषण घालावं म्हणून हात शिवशिवला, पण घातलं नाही. उभ्या नोकरीत पहिल्यांदा त्याने जागा मोकळी सोडून मजकूर दिला.

संपादक पुरवणी कधी वाचत नसत, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं. पान लावणाऱ्याला मात्र भगदाड दिसलं. त्याने उरलेल्या जागेत लोकरी टोपी आणि गळपट्टा घातलेल्या एका गोजिरवाण्या कुत्र्याचं मोठं चित्र टाकून दिलं.

शनिवारी ताईने सदर वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पुसला.

“गेले,” ती म्हणाली.

“कोण?”

“डॉक्टर. डोक्याने गेले बिचारे.” तिचा आवाज खरोखर जड झाला होता. “आमच्या वाचनालयात एक प्राध्यापक यायचे. इतके विद्वान, आणि एक दिवस आपलंच पुस्तक घेऊन आले, म्हणाले हे सगळं खोटं आहे, कपाटातून काढून टाका. म्हातारपणी होतं असं.”

“आणि ते पुस्तक खरंच खोटं असेल तर?”

“छापलेलं होतं रे.”

भरावाने हात टेकले. आयुष्यात एकदाच खरं लिहिलं, आणि तेवढंच तिला वेड्यासारखं वाटलं.

पण घडलं ते वेगळंच. फाईल मिटून ताई खिडकीशी जाऊन बसली. दवाखान्यातून परत आलेला कारकून तिच्यासमोर सतरंजीवर पडला होता. ती म्हणाली, “आता कुणावर भिस्त ठेवायची? आपणच बघायला हवं.” आणि ती खरंच बघायला लागली. फाईल सुरू केल्यापासून तिने कुत्र्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, कात्रणाकडेच पाहिलं होतं. तिने त्याच्या कानांना हात लावून पाहिला, गार नव्हते. थरथरत नव्हता. “मग याच्या अंगात हे कशाला?” असं म्हणून तिने स्वेटर काढला. त्याने अर्धा पाव खाऊन उरलेला सोडला, तर तिने आग्रह केला नाही. दारातून वारा त्याच्या अंथरुणावर येतो हे तिला दिसलं, तिने अंथरूण कपाटाच्या आडोशाला नेलं. सकाळी फिरून आल्यावर तो पाय चाटतो हे दिसलं, तशी दाराशी एक जुना टॉवेल आला आणि चारही पाय बोटांच्या फटींसकट पुसले जायला लागले. पशुवैद्य बाईंनी सांगितलेलं एकेक तिने आपल्या डोळ्यांनी शोधून काढलं, आणि प्रत्येक वेळी म्हणाली, “हे मला आधीपासून वाटत होतं.”

भराव म्हणायचा, “तुझं बरोबर आहे, ताई.”

कारकून हळूहळू भरून आला. म्हणजे खरं तर उतरला. पोटावर नवे केस आले, हिरड्या गुलाबी झाल्या. एका सकाळी तो पायऱ्यांवरून आपला आपण उतरला आणि कोपऱ्यावरच्या झिपऱ्याकडे बघून एकदा भुंकला. साधा गडद रंगाचा कोट अंगात होता, फक्त बाहेरपुरता. भरावाला काय वाटलं कोण जाणे, त्याने आजूबाजूला कुणी नाही असं बघून कुत्र्याच्या पाठीवर थाप मारली.

कचेरीत मात्र वाचकांच्या फोनांची रीघ लागली. कुत्रं बरं झालं असं सांगणारा फोन एकही नव्हता. सगळ्यांचं म्हणणं एकच, डॉक्टर असं कोरडं का लिहायला लागले, पहिल्यासारखी माया राहिली नाही. संपादकांनी त्याला बोलावलं.

“काय लिहिलंस तू? अर्ध्या पानात संपवलंस.”

“खरं तेवढंच होतं.”

संपादकांच्या आवाजात काळजी आली. “तुला रजा हवी आहे का?”

रजा नको म्हणाला, पण सदर लिहायलाही नको म्हणाला. पुढच्या शनिवारी चौकटीत छापून आलं, डॉक्टर प्राणिमित्र यांच्या प्रकृतिअस्वास्थ्यामुळे हे सदर थांबवत आहोत. त्या जागी कुंड्यांतल्या झाडांवर नवं सदर सुरू झालं. ते भरावालाच मिळालं. त्याने लिहायला घेण्याआधी एक कुंडी विकत आणली आणि संपादकांना सांगितलं, हिला काय मानवतं ते कळल्यावर लिहीन. संपादकांनी पुन्हा रजेचं विचारलं.

ती चौकट ताईने वाचली. त्याच दिवशी दुपारी ती बाजारात जाऊन राखाडी लोकर घेऊन आली आणि विणायला बसली. थंडी सरत आली होती तरी सुया चालूच. विणून झालं तेव्हा लांब, उबदार गळपट्टा होता. तिने तो घडी करून कागदात गुंडाळला.

“डॉक्टरांना पोचव.”

“कुणाला?”

“तुझ्या कचेरीतून कळेल ना कुठे राहतात ते. आजारी आहेत, एकटे असतील. शेवटी काहीबाही लिहिलं, पण इतकी वर्षं लोकांच्या मुक्या जनावरांची काळजी वाहिली. कुणी तरी त्यांची काळजी करायला नको?”

भरावाने पुडकं हातात घेतलं. कारकून त्याच्या पावलावर हनुवटी ठेवून पडला होता, म्हणून लगेच उठताही येईना.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याने कागद सोडला. खिडकीच्या फटीतला वारा नेहमीच्या जागी, मानेवर, येत होता. त्याने गळपट्टा दोन वेढे देऊन गुंडाळला. लोकर टोचत नव्हती. ताईची वीण आधीपासून घट्ट, एक टाका सैल नाही. संध्याकाळी निघताना त्याने तो काढून टेबलाच्या खणात ठेवला.

घरी ताई दाराशी टॉवेल झटकत होती.

“पोचवलास?”

“हो.”

“काय म्हणाले?”

भरावाने कोट खुंटीला अडकवला. उत्तराला जरा वेळ लावला, कारण या घरात तो आता शब्द जपून वापरायला लागला होता.

“फार उबदार आहे म्हणाले.”

“आणि तब्येत कशी वाटली?”

“बरे आहेत. लिहिणं सोडलंय.”

“बरंच केलं,” ताई म्हणाली, आणि कारकुनाची पाण्याची वाटी भरायला आत गेली.